आमच्या अध्यक्षांची साखर

मी संघटनेची सचिव झाले ती एका चिंचोक्यामुळे. जानेवारीतली वार्षिक सभा होती, चिखलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. सभा ऐन रंगात आली असताना उंद्रीहून माझ्या एका पेशंटच्या आईचा फोन आला. पोरीनं नाकात चिंचोका घातला होता. मी व्हरांड्यात जाऊन तिला सांगत राहिले, चिमट्यानं ओढू नका, दुसरी नाकपुडी दाबा आणि पोरीला जोरात शिंकरायला लावा, मी फोनवर आहे. पाच-सात मिनिटांनी चिंचोका पडला. मी खुशीत आत आले, तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, बातमी माझ्याआधी आत पोचली. शेजारच्या डॉक्टरांनी हळूच सांगितलं, की तुम्ही बाहेर होता तेव्हा सचिवपदासाठी तुमचं नाव आलं, अनुमोदन झालं आणि विरोध कोणीच केला नाही.

आमची संघटना म्हणजे बुलढाणा-चिखली भागातल्या फॅमिली डॉक्टरांची. चाळीसेक सभासद. कोणी शहरात, कोणी माझ्यासारखे खेड्यात. वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. संक्रांतीला तिळगूळ, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एखाद्या तज्ज्ञाचं व्याख्यान, जुलैच्या सुरुवातीला डॉक्टर दिन, पोळा झाला की कुठल्यातरी गावात तपासणी शिबिर, आणि हिवाळ्यात सहकुटुंब सहल. सचिवानं निरोप धाडायचे, हॉल ठरवायचा, व्याख्यात्याला आणायचं, नेऊन सोडायचं आणि व्याख्यान चालू असताना मागच्या रांगेत कोणी घोरत असेल तर त्याला कोपरानं ढोसायचं.

अध्यक्ष होते देऊळघाटचे एक ज्येष्ठ डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. साठी ओलांडलेली, अंगानं भरदार, पांढऱ्या मिशा आणि आवाज असा, की त्यांच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या माणसाला आत कोणाला काय झालंय ते बसल्या जागी कळावं. पस्तीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत दवाखाना चालवला. साखरेच्या बाबतीत तर ते फारच कडक. लग्नाच्या पंगतीत ते फिरायला लागले, की निम्मी माणसं पानातली जिलेबी वाटीखाली सरकवायची, असं त्यांच्याच गावचे लोक हसत सांगायचे.

माझं माहेर सुलतानपूरचं, बोली जराशी जालन्याकडे झुकलेली. सर मला सुरुवातीपासून त्यावरून चिडवायचे. पण मी नवीनच उंद्रीत दवाखाना टाकला तेव्हा अडलेल्या केसला मी दिवसातून तीनतीनदा त्यांना फोन करायची, आणि एकदाही त्यांनी नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला नाही. म्हणून अध्यक्ष ते आणि सचिव मी, याचा मला मनातून आनंदच झाला होता.

जून महिन्यात डॉक्टर दिनाची बैठक झाली. दरवर्षीप्रमाणे ज्येष्ठांचा सत्कार, शाल, श्रीफळ आणि एकत्र फोटो असं ठरत होतं. आदल्याच आठवड्यात मी घरचं कपाट आवरलं होतं. त्यात सत्काराच्या अकरा शाली निघाल्या. मी उठून म्हणाले, की यंदा शाल नको, यंदा आपण आपल्यालाच तपासू. वजन, ब्लडप्रेशर, साखर, ईसीजी. वर्षभर लोकांना तपासतो, एक दिवस आपण रांगेत उभे राहू.

हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मी कधी कुठल्या व्याख्यानातही पाहिली नव्हती. मग एकेक कारण यायला लागलं. एकजण म्हणाले, मी मागच्याच वर्षी केलं. दुसरे म्हणाले, त्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. तिसऱ्यांनी सांगितलं की त्यांना काही होत नाही, म्हणजे तपासायचं काय. अगदी आमचे पेशंट सांगतात तीच कारणं, तेवढ्याच निरागस चेहऱ्यानं. शेवटी सर उठले. त्यांनी सांगितलं, की सचिवांचं बरोबर आहे, डॉक्टरानं पहिले स्वतःले तपासलं पाह्यजे, मंग गावाले. त्यांच्यापुढे कोण बोलणार? ठराव पास झाला.

डॉक्टर दिनाला सकाळी सगळे आले. चिखलीच्या प्रयोगशाळेतली दोन माणसं रक्त घ्यायला बसली होती. मी मात्र गंमत बघत होते. वर्षानुवर्षं लोकांना सुया टोचणारी माणसं सुई पाहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. एका डॉक्टरांचं ब्लडप्रेशर पहिल्यांदा जास्त आलं, तर त्यांनी यंत्रच खराब आहे म्हणून सांगितलं, दुसरं यंत्र मागवलं आणि त्यावर आणखी वाढल्यावर चहा प्यायला निघून गेले.

सर त्या दिवशी सगळीकडे होते. याला रांगेत लाव, त्याला वजनकाट्यावर चढव, खुर्च्या हलव. साडेअकरा वाजले तरी त्यांच्या नावापुढचे रकाने रिकामेच. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, पोहे खाऊन आलोय, उपाशीपोटी नाही, आज उपयोग नाही. मी म्हटलं, सर, तुम्हीच शिकवलंय, आला तसा पेशंट तपासावा. ते बसले. त्यांच्या बोटाला मी स्वतः टोचलं.

यंत्रावर तीनशे अठरा आकडा आला.

आम्ही दोघांनीही तो पाहिला. सरांनी बोटावरचा कापूस दाबून धरला आणि इकडे-तिकडे पाहिलं. मी नळीत रक्त घेऊन तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीला पाठवलं. ती दोन दिवसांनी आली, तीही वाईटच होती. फोनवर मी आकडा सांगितला तेव्हा त्यांचा नेहमीचा आवाज कुठे गेला कोण जाणे. इतकंच म्हणाले, "बाई, हे तुमच्या-माह्यातच राहू द्या."

मी हो म्हटलं. पेशंटची गोष्ट पेशंटचीच, त्यात विचारायचं काय. पण एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी फोन केला की ते संघटनेच्या शिबिराचं बोलायचे आणि औषध सुरू केलं का विचारलं की समोर पेशंट आहे म्हणून ठेवून द्यायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझा फोन असा ठेवला. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारावं तर शब्द दिलेला.

मग एका गुरुवारी माझा दवाखाना बंद ठेवून मी देऊळघाटला गेले. सरांच्या दवाखान्यात बाकावर आठ-दहा माणसं होती. मीही जाऊन बाकावर बसले. एका आजोबांनी कुठल्या गावच्या म्हणून विचारलं, काय होते म्हणून विचारलं, आणि डॉक्टरसाहेब हाताले लय चांगले हाय म्हणून धीरही दिला. माझा नंबर आल्यावर मी आत गेले. सरांनी मान वर केली आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्ही काऊन रांगेत बसल्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की फोनवर तुमचा नंबर लागत नाही म्हणून इथे लावला. आणि आज मी पेशंट म्हणून आलेली नाही, डॉक्टर म्हणून आलेय. औषध सुरू केलंय का, एवढंच सांगा.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग हळू आवाजात बोलायला लागले. हळू म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळू. म्हणाले, की सुरू केलं नाही. औषध आणायचं म्हणजे गावातल्या मेडिकलवाल्याला कळणार. बुलढाण्याच्या तज्ज्ञाकडे जायचं तर तिथल्या रांगेत त्यांचेच पेशंट बसलेले. साखरेची त्यांना भीती नव्हती. साखर कशी असते ते त्यांना पाठ होतं. भीती दुसरीच होती.

"मी या गावाच्या पानातली जिलेबी काढून घेतली, बाई. आता कोन्या तोंडानं सांगू, का मलेच साखर निघाली? उद्या कोन आयकीन माहं?"

तेवढ्यात त्यांच्या मागचा हिरवा पडदा हलला.

पडद्याआड तपासायचा पलंग होता. त्यावर एक मावशी पायाला औषधाचा शेक घेत पडल्या होत्या. माझ्या आधीच्या पेशंट. सरांनी त्यांना दहा मिनिटं पडा म्हणून सांगितलं होतं आणि माझ्या येण्यानं ते साफ विसरून गेले होते. मावशी पदर सावरत बाहेर आल्या. साठीच्या आसपासच्या, उन्हानं रापलेल्या, हाताला भाजीच्या चिकाचे काळे डाग. गावाबाहेर त्यांचा मळा होता. कारली, वांगी, दोडकी लावायच्या आणि बुलढाण्याच्या बाजारात स्वतः नेऊन विकायच्या. त्यांना दहा वर्षांपासून साखर होती.

सरांचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. मी शब्द दिला होता आणि माझ्याच आगाऊपणानं तो मोडला होता.

मावशी सरळ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नव्हत्या, हसतही नव्हत्या.

"दहा वर्सं झाले तुमी मले बोलून राह्यले, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "शिरा खाऊ नोका, केयं खाऊ नोका, सकायी चाला. मी कधी रुसली का तुमच्यावर? मंग तुमी काऊन लपून राह्यले?"

सर म्हणाले, "वयनी, लोक हासतीन."

"हासू द्या ना. मास्तरचं पोरगं नापास होत नाई का? म्हनून मास्तर शाळेत जाचं सोडते का?" आणि मग उठता उठता म्हणाल्या, "उद्या साडेपाचले तयार राहा. आमी बाया चालाले जातो. तुमीच धाडता आमाले, आता तुमी बी या."

त्या गेल्यावर सरांनी खुर्ची पुढे ओढली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांच्या मिशा हलताना दिसल्या. आधी वाटलं की डोळ्यांत पाणी आलंय. आलंच होतं, पण ते हसतही होते. म्हणाले, की पस्तीस वर्षं हा पडदा इथे आहे, आणि पडद्याआडून पेशंटनं डॉक्टरला तपासायची ही पहिली वेळ. त्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर बुलढाण्याच्या तज्ज्ञांना फोन लावला आणि मग मागच्या घरातून काकूंना हाक मारून बोलावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की त्यांना तीन महिन्यांपासून शंका होती, रात्रीतून चार वेळा पाणी प्यायला उठणारा माणूस काही लपवू शकत नाही, पण घरातले डॉक्टर हेच असल्यामुळे सांगायचं कोणाला.

दुसऱ्या दिवशी सर चालायला गेले का, हे मला फोन करून विचारावं लागलं नाही. सकाळी सात वाजता मावशींचाच फोन आला. माझा नंबर त्यांनी काकूंकडून घेतला होता. डॉक्टरसाहेब आले होते, पांढरे बूट घालून आले होते आणि पहिल्याच चढाला दम लागून बसले होते, असा सविस्तर रिपोर्ट मिळाला. बाया थांबल्या. त्यांना घेऊनच परतल्या.

गावाला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. आणि जे सरांना वाटलं होतं त्यातलं काहीच झालं नाही. चौकातल्या हॉटेलवाल्यानं न सांगता बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. मेडिकलवाल्यानं गोळ्या देताना त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, की गोळी चुकवायची नाही. दवाखान्यात येणारे साखरेचे पेशंट आधी त्यांचा आकडा विचारायचे आणि मग आपला सांगायचे. एका लग्नात म्हणे सर पंगतीत बसले, तर वाढपी जिलेबीचं ताट घेऊन त्यांच्यासमोरून असा पळत गेला, की पुढच्या तिघांनाही मिळाली नाही. मावशींनी दर बाजाराच्या दिवशी कारली पाठवायला सुरुवात केली. कारल्यानं साखर बरी होत नाही, गोळी घ्यावीच लागते, हे सर त्यांना समजावून सांगायचे. मावशी म्हणायच्या, हाव, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा पाठवायच्या. काकू मला फोनवर कारल्याचे नवनवे प्रकार विचारायच्या.

पोळा झाल्यावरचं शिबिर त्या वर्षी माझ्या गावी, उंद्रीला ठरलं. शाळेच्या वर्गांमध्ये टेबलं मांडली. डोळ्यांच्या रांगेत गर्दी, ब्लडप्रेशरला गर्दी, बाहेरून बोलावलेल्या हाडांच्या डॉक्टरांकडे तर बायका भांडायला लागल्या. साखरेच्या टेबलापाशी मात्र सामसूम. माझे पेशंट मी ओळखून होते. साखर निघाली की गोड बंद होणार, त्यापेक्षा न तपासलेली बरी, हा त्यांचा साधा विचार.

सरांनी ते पाहिलं. शाळेचा माईक हातात घेतला, खरं तर त्यांना माईकची गरज नव्हती, आणि साखरेच्या टेबलामागे न बसता पुढे जाऊन खुर्चीवर बसले.

"मी तुमच्यासारखाच भित्रा माणूस आहे," ते लोकांना म्हणाले. "डॉक्टर असून दोन आठवडे लपून बसलो. एका बाईनं मले पडद्याआडून पकडलं. आता माह्या बोटाले टोचा आणि आकडा जोरात वाचा."

मी टोचलं. एकशे बहात्तर. मी जोरात वाचला. सरांनी सांगितलं, की पोहे खाऊन आलो तरी एवढा, जुलैत तीनशे अठरा होता, अजून पास नाही पण वरच्या वर्गात घातलंय. लोक हसले. पहिला माणूस उठला तो आमच्या गावचा पोलीस पाटील. त्याच्या मागे त्याची बायको, मग शाळेचे सर, आणि मग रांग वर्गाबाहेर व्हरांड्यापर्यंत गेली. दुपारी साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या आणि चिखलीहून मागवाव्या लागल्या.

पण मला त्या शिबिरापेक्षा त्यानंतरच्या रविवारची मासिक सभा जास्त आठवते. व्याख्यान संपलं आणि नेहमीप्रमाणे लोक चहाकडे वळायच्या आधी ते डॉक्टर उठले, ज्यांनी डॉक्टर दिनाला यंत्र खराब आहे म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं, की यंत्र ठीक होतं. त्यांनी गोळी सुरू केली आहे. मग आणखी एकजण बोलले. त्यांना झोप लागत नव्हती, पेशंटचे चेहरे डोळ्यांसमोर येत होते. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना बोलताना कोणी अडवलं नाही, कोणी सल्ला दिला नाही. चहा गार झाला. तेव्हापासून आमच्या सभेच्या शेवटी अर्धा तास त्यासाठीच असतो. कार्यक्रमपत्रिकेवर मी त्याला नाव काय द्यावं, ते सुचेना म्हणून नुसतं ‘आपसात’ असं लिहिते.

सहलीचा विषय निघाला तेव्हा नेहमीप्रमाणे दूरच्या रिसॉर्टची नावं आली. सरांनी सांगितलं, की मावशींच्या मळ्यात जाऊ, त्यांनी बोलावलंय. काहींनी नाकं मुरडली. पण डिसेंबरातल्या त्या रविवारी मळ्यात पोचल्यावर ती सरळ झाली. हवेत गारवा, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि बांधाच्या कडेला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजायला घातलेले. वांग्याची भाजी मोठ्या पातेल्यात रटरटत होती. मावशींबरोबर चालणाऱ्या बाया झाडून सगळ्या आल्या होत्या. सर त्यांच्यात असे मिसळले होते, की त्यांचीच एक मैत्रीण वाटावी.

जेवणाआधी खेळ ठरले. कोणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण रस्सीखेच ठरली. एका बाजूला फॅमिली डॉक्टर, दुसऱ्या बाजूला देऊळघाटच्या चालणाऱ्या बाया. आमच्याकडे तगडे तगडे पुरुष होते. त्यांच्याकडे मावशी आणि मळ्यात, शेतात राबणारे वीस हात. सर पंच झाले. काकूंनी मात्र सगळ्यांदेखत पदर खोचला आणि बायांच्या बाजूनं दोर धरला. मी सचिव म्हणून डॉक्टरांच्या बाजूला, सगळ्यात मागे.

शिट्टी वाजली. दोन मिनिटं दोर जागचा हलला नाही. मग समोरून मावशींचा आवाज आला, "हां, आता," आणि एका लयीत वीस पाय मागे गेले. मला एवढंच आठवतं, की माझ्या पुढचे डॉक्टर माझ्या अंगावर न पडता विरुद्ध दिशेला निघाले होते, आणि मीही दोर धरून त्यांच्यामागे हरभऱ्याच्या बांधापर्यंत घसरत गेले. संघटनेचे चौदा सभासद एकमेकांवर पडले होते. कोणाचा चष्मा, कोणाचा बूट. शिबिरातले हाडांचे डॉक्टरही पाहुणे म्हणून आले होते, ते पडल्या जागेवरून सगळ्यांना विचारत होते, की कुठे दुखतंय का.

सरांनी निकाल जाहीर केला. मग दुसरी फेरी घेऊ म्हणून आम्ही हट्ट धरला. बाया तयारच होत्या. दुसरीही हरलो.

मग पंगत बसली. तुपात बुडवलेला रोडगा मोडला की वाफ निघायची. काकूंनी सरांच्या पानात अर्धा रोडगा ठेवला आणि मावशींनी त्यातला पाव काढून घेतला. सरांनी भाजी मात्र तीनदा मागून घेतली. बायांनी ओव्या म्हणायला सुरुवात केली, त्यात कोणीतरी डॉक्टरांच्या बोटाला सुई टोचल्याची एक ओवी जागेवरच रचून घातली. सर खो खो हसत होते. आमचे झोप न लागणारे डॉक्टर आंब्याखालच्या सतरंजीवर आडवे झाले आणि सगळा गलका चालू असताना गाढ झोपले. त्यांच्या बायकोनं कोणालाही त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही. मी मावशींच्या शेजारी बसून घाटे सोलत होते आणि त्या मला विचारत होत्या, की डॉक्टरबाई, तुमच्या उंद्रीच्या बाया सकायी चालते का नाई.